खाली उतरलेला डोंगर

व्हालबियांका डिव्हिजनचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा डिव्हिजन अजून इटलीतल्या बारीच्या बंदरात जहाजाची वाट बघत होती. जनरल पेत्राल्बांचा तसा हुकूमच होता. नंतर लढाईच्या धांदलीत राहून जायला नको, म्हणून पहिली चाळीस पानं किनाऱ्यावरच उरकली. त्यात डिव्हिजनचा बाणा, डिव्हिजनचं ध्येय, डिव्हिजनचा झेंडा असं सगळं आलं होतं. ग्रीस जिंकायचा तेवढा बाकी होता.

अल्बानियाच्या डोंगरात पोचल्यावर कळलं, की ग्रीकांनी ती चाळीस पानं वाचलेली नाहीत.

इतिहास लिहायचं काम कॉर्पोरल एल्विओ झानिनकडे होतं. बत्तीस वर्षांचा हा माणूस बेल्लूनोच्या जमीन-नोंदणी कचेरीत शेतांचे नकाशे उतरवून काढायचा. अक्षर मोत्यासारखं, रेघ केसासारखी. एवढ्याच गुन्ह्यासाठी त्याला बंदुकीऐवजी पेन मिळालं होतं. आणि डिव्हिजन म्हणाल तर नावाची डिव्हिजन. पूर्वी एका डिव्हिजनमध्ये तीन रेजिमेंट असायच्या. रोममधल्या हुशार माणसांनी प्रत्येकीतली एकेक काढून घेतली आणि काढलेल्यांच्या नव्या डिव्हिजन उभ्या केल्या. एका भाकरीचे चार तुकडे केले की घरात चार भाकऱ्या झाल्या, असं ते गणित. कागदावर इटलीचं सैन्य युरोपात भारी दिसायला लागलं. कागद थंडीत उभा राहत नाही, हे कुणाला सुचलं नसावं.

इथल्या डोंगरांना नावं होती, पण ती मेंढपाळांना ठाऊक, आणि त्यांना कोण विचारतो! सैन्यात डोंगर ओळखायचा तो उंचीच्या आकड्याने. १९४०च्या नोव्हेंबरच्या शेवटी सातव्या कंपनीने ११४३ नावाचा डोंगर घेतला. जनरलसाहेबांनी त्याच दुपारी रोमला तार ठोकली: ‘११४३ आपला. शेवटचा माणूस पडेपर्यंत आपलाच.’ रोमने ती छापली, रेडिओवर वाचली. आठ दिवसांनी ग्रीकांनी सातव्या कंपनीला तिथून हुसकून लावलं. शेवटचा माणूस मात्र पडला नाही. एकशेदहापैकी त्रेसष्ट शिल्लक राहिले, आणि हीच त्यांची चूक झाली. ते मागच्या बुटक्या डोंगरावर, ९८७ वर, येऊन बसले. त्या त्रेसष्टांत एल्विओचा धाकटा भाऊ रिनो होता.

आता रोमला काय कळवायचं? ‘माघार’ हा शब्द जनरलसाहेबांच्या कचेरीत चालत नव्हता. मग कचेरीने सोपा मार्ग काढला. काहीच कळवलं नाही. सातवी कंपनी कागदावर ११४३ वर राहिली, आणि तिचं जेवणखाणही मोठ्या इमानदारीने तिकडेच जात राहिलं.

तिसऱ्या दिवशी खेचरवाला नाने फुर्लान परत आला तो दोन खेचरं गमावून. तीन होती, एक उरलं होतं. एल्विओच्या टेबलासमोर येऊन त्याने टोपी आपटली.

“झानिन, तुझ्या भावाची कंपनी ११४३ वर आहे ना?”

“कागदावर आहे.”

“मग कागदाने खाल्लं असेल! मी शिखरावर पोचतो न पोचतो तोच चार दाढीवाले आले. मला वाटलं आपलीच पोरं, दाढ्या वाढल्यात. तर कसले आपले! बिस्किटं घेतली, मांसाचे डबे घेतले, चीज घेतलं, दोन खेचरं घेतली. आणि त्यांचा साहेब काय म्हणतो माहितीये? चांगल्या इटालियनमध्ये म्हणतो, चीज झकास आहे, पुढच्या वेळी मीठ जरा जास्त पाठवा.”

“आणि तुला सोडलं?”

“सोडणार नाही तर काय! मी गेलो तर उद्या चीज कोण आणणार?” नानेने खिशातून पोचपावती काढली. “ही बघ. सही पण दिली त्याने.”

पावतीवर ग्रीक अक्षरांत लफ्फेदार सही होती. कोठाराच्या सार्जंटने ती नीट तपासली, सही आहे म्हणाला, आणि फाइलला लावली. दुसऱ्या दिवसाचं सामान पुन्हा ११४३ च्या नावाने बांधायला घेतलं.

“अरे, ते खालच्या ९८७ वर बसलेत, तिकडे ने ना,” एल्विओ नानेला म्हणाला.

“न्यायला काय, मी आत्ता नेईन. पण फाट्यावर चौकी आहे. चिठ्ठीवर ११४३, तर खेचर ११४३ कडेच वळलं पाहिजे, नाहीतर सामान चोरलं म्हणून मला भिंतीला उभा करतील. तुझ्या भावासाठी मी खूप काही करेन रे, पण गोळी नाही खाणार.”

हे मात्र खरं होतं. एल्विओ उठला आणि मेजर त्रिव्हेलांच्या खोलीत गेला. मेजर म्हणजे जनरलसाहेबांचा उजवा हात. डावा हातही तेच, कारण जनरलसाहेबांचे स्वतःचे दोन्ही हात सदैव कमरेवर असत.

“साहेब, आपण जर सातव्या कंपनीची जागा—”

“काय म्हणालात?”

एल्विओने जीभ चावली. फॅसिस्ट पक्षाच्या फतव्याप्रमाणे मोठ्या माणसाला ‘आपण’ म्हणायला बंदी होती. ‘आपण’ म्हणजे म्हणे गुलामीचा वास. खऱ्या इटालियनाने ‘तुम्ही’ म्हणायचं. भिंतीवर तशी पाटीच होती.

“तुम्ही, साहेब. तुम्ही जर त्यांची जागा कागदावर ९८७ अशी दुरुस्त केलीत, तर त्यांना खायला मिळेल. तीन दिवस उपाशी आहेत. बर्फात आहेत.”

“आणि रोमला काय सांगू? डोंगर घरंगळत खाली आला?” मेजरने चष्मा पुसला. “हे बघा झानिन, जनरलसाहेबांचं नाव पदकासाठी गेलंय. त्या पदकावर ११४३ लिहिलेलं असणार आहे. कंपनी तिथेच आहे. तुम्ही इतिहास लिहा, आणि शब्द नीट वापरत जा.”

एल्विओ बाहेर येऊन आपल्या टेबलाशी बसला. रिनोला त्याने अंगाखांद्यावर खेळवलेला. बाप दगडाच्या खाणीत दगावला तेव्हा रिनो पाच वर्षांचा होता. आईने पोराला सैन्यात पाठवताना एल्विओचा हात धरून एकच वाक्य म्हटलं होतं: त्याला घेऊन ये. सोडून दिलं तर रिनो तिथे बर्फात भुकेने मरणार, आणि आपण इथे शेगडीपाशी बसून त्याचा पराक्रम सुवाच्य अक्षरात लिहिणार. तेही लिहिता येईल, एवढं सुंदर अक्षर आहे आपलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

मग त्याला कचेरीतली जुनी खोड आठवली. बेल्लूनोत दोन शेतकरी बांधावरून भांडत आले, की कचेरीचा साहेब बांध बघायला कधी जायचा नाही. नकाशात बांध जिथे, तिथे बांध. बांध दुसरीकडे असेल तर बांध चुकला.

दुपारभर बसून त्याने मोठा नकाशा नव्याने उतरवला. रेघा त्याच, ओढे तेच, वाटा त्याच. फक्त आकडे बदलले. जिथे रिनो बसला होता त्या बुटक्या डोंगरावर लिहिलं ११४३. आणि जिथे ग्रीक चीज खात बसले होते त्या उंच डोंगरावर लिहिलं ९८७. मग तो पुन्हा मेजरसमोर उभा राहिला.

“साहेब, जुना नकाशा चुकीचा होता. हा सुधारलेला. कंपनी ११४३ वरच आहे. फक्त ११४३ आपल्याला वाटत होता तिथे नाही.”

मेजरने नकाशा बघितला, एल्विओकडे बघितलं, परत नकाशा बघितला. माणूस मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर चिडला असता.

“म्हणजे सैन्याचं काही चुकलं नव्हतं.”

“छे, साहेब. नकाशाचं चुकलं होतं.”

“असले नकाशे करतात आणि आपण लढतो,” मेजर म्हणाले आणि सही ठोकली. जुने नकाशे कचेरीतून गोळा करून शेगडीत घातले. एल्विओला नव्याच्या सहा प्रती काढायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी चौकीवरच्या शिपायाने नवा नकाशा बघून नानेला उजवीऐवजी डावीकडे वळवलं. संध्याकाळी नाने परतला तो दात काढतच.

“पोचलं! चीजचा तुकडा बघून एक जण रडला रे. आणि हे घे, तुझ्या भावाने दिलंय.”

सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर रिनोचं वेडंवाकडं अक्षर होतं. ‘एल्विओ, जेवलो. नाने म्हणतो आम्ही आता ११४३ वर आहोत. हे आधी सांगितलं असतंस तर तो सोडताना एवढी माणसं मेली नसती. पायाची बोटं जाणवत नाहीत. बुटांचा तळ पुठ्ठ्याचा आहे, ओला झाला की लगदा होतो. आईला कळवू नकोस.’

एल्विओने कागद खिशात ठेवला. पोट भरलं, आता पाय. रिनोला खाली कसं आणायचं हा प्रश्न होता. पण त्याआधी जनरलसाहेबांनी नकाशा बघितला.

तोवर त्यांनी तो बघितला नव्हता. भिंतीवर टांगलेला दिसला म्हणून ते हात कमरेवर ठेवून समोर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“त्रिव्हेला! आपण ११४३ वर. ग्रीक समोर ९८७ वर. म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा दीडशे मीटर वर आहोत!”

“नकाशाप्रमाणे, होय साहेब.”

“मग आपण बसून काय राहिलोय? उतारावरून हल्ला! तोफा कशाला, वरून खाली नुसतं धावत सुटलं तरी ग्रीक समुद्रात जाऊन पडतील. एक कंपनी पुरे. सातवी आहेच तिथे. परवा सकाळी दहाला. लिहा!”

पोरं बसली होती खाली, ग्रीक वर. मध्ये उघडा बर्फाचा चढ. पुठ्ठ्याच्या बुटांनी, तोफांवाचून, भर उजेडात. त्रेसष्टांतला एकही परत आला नसता. आणि हे सगळं एल्विओच्याच पेन्सिलीने झालं होतं.

“साहेब,” तो मेजरला बाजूला गाठून म्हणाला, “तुम्हाला माहितीये, उतार नाहीये तिथे. चढ आहे.”

मेजरने खिडकी लावून घेतली. “मला काय माहितीये? माझी सही नकाशावर आहे, झानिन. माझ्या सहीच्या नकाशात उतार आहे. आता सांगायला गेलो, तर आधी माझ्या पाठीत गोळी, मग तुमच्या, आणि कंपनीचं जेवण पुन्हा ग्रीकांना. हुकूम लिहा.”

एल्विओने लिहायला घेतलं. जनरलसाहेबांनी दीड पान सांगितलं होतं. त्यात रोमन गरुड होते, संगिनी होत्या, उंचावरून झेपावणं होतं. एल्विओने ते सगळं गाळलं आणि एकच ओळ लिहिली. ‘सातव्या कंपनीने ११४३ वरून उतरून ९८७ ताब्यात घ्यावा व तसे कळवावे.’ जनरलसाहेब वाचत नसत, सही करत. त्यांनी ती केली. मग एल्विओने नानेबरोबर वर जायची परवानगी मागितली. इतिहास प्रत्यक्ष बघून लिहावा म्हणतो, असं कारण दिलं. जनरलसाहेबांना ते फारच आवडलं. त्यांना स्वतःला तशी इच्छा कधी झाली नव्हती.

कॅप्टन अल्बेरिगी दोन खडकांच्या मध्ये ताडपत्री ओढून बसले होते. घरी बेर्गामोत ते शाळेत लॅटिन शिकवत. त्यांनी हुकूम वाचला, मग आपला जुना, चिखलाने माखलेला नकाशा मांडीवर पसरला.

“हे काय आहे, झानिन? ११४३ वरून उतरून ९८७ घ्या? ११४३ तो समोर, ग्रीकांकडे. आम्ही ९८७ वर बसलोय. हे आम्ही कधीच केलंय. चोवीस तास मार खात केलंय!”

“होय, साहेब.”

“म्हणजे आम्ही पळालो, त्याचा हुकूम आज आला?”

एल्विओने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. अल्बेरिगी ऐकत होते. मधेच त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. रडतायत की हसतायत ते आधी कळेना. हसत होते.

“आमचे पाद्री म्हणतात, डोंगर हलवायला श्रद्धा लागते. तुमचं रबर आणि पेन्सिलवर भागलं.” मग ते गंभीर झाले. “पण मी खोटं कळवणार नाही. पोरांना शिकवतो मी.”

“खोटं कुठे आहे, साहेब? ९८७ तुमच्या ताब्यात नाहीये?”

“आहे.”

“११४३ वरून उतरून घेतलात ना?”

“उतरून काय, गडगडून घेतला.” कॅप्टन कागदाकडे बघत राहिले. वर्गात एखाद्या पोराने आगाऊ पण बरोबर उत्तर दिल्यावर बघावं तसे. “तारीख विचारलेलीच नाही त्यांनी. नुसती आज्ञा आहे.” त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं: ‘हुकमाप्रमाणे ११४३ वरून उतरलो. ९८७ ताब्यात आहे. आजचे नुकसान नाही.’

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला तो कागद घेऊन निरोप्या खाली धावला. दुपारी उत्तर आलं. जनरलसाहेब आनंदाने वेडे झाले होते. रोमला तार गेली होती. विजयी सातव्या कंपनीला विश्रांतीसाठी खाली बोलावलं होतं, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना ताबडतोब खेचरांवर घालून आणायचं होतं. तिच्या जागी पाचवी कंपनी येत होती.

रिनो बर्फातल्या आपल्या खड्ड्यात घोंगडीत गुरफटून पडला होता. पायांना चिंध्या बांधल्या होत्या, आणि चिंध्यांमधून वास येत होता.

“काय रे, जिंकलो म्हणे?”

“जिंकलास.”

“बरं झालं, कुणीतरी सांगितलं.” रिनो हसला आणि त्याचे दात वाजले. “पायाचं काय होईल रे?”

“डॉक्टर बघतील.” एल्विओने त्याला उचललं. बावीस वर्षांचा गडी, पण वजन पंधरा वर्षांच्या पोराचं. एल्विओला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

नानेने रिनोला खेचरावर बांधला. फाट्याच्या थोडं अलीकडे समोरून गाण्याचा आवाज आला. पाचवी कंपनी वर येत होती, बंदुका पाठीला लटकवून, गळ्यातले मफलर सोडून, जत्रेला निघाल्यासारखी. ऐंशी-नव्वद माणसं असतील. पुढे लेफ्टनंट सान्ना, सार्दिनियाचा, दाढी जेमतेम फुटलेली. फाटा आला तशी ती रांग उजवीकडे वळायला लागली.

“साहेब, इकडे डावीकडे,” नाने ओरडला. “सातवी कंपनी डावीकडे आहे.”

“९८७ वर जायचंय आम्हाला,” सान्नाने सांगितलं. “नवा घेतलेला. तो उजवीकडे.” आणि त्याने नकाशा उलगडून दाखवला.

मोत्यासारखं अक्षर, केसासारखी रेघ. सहा प्रतींतली ही चौथी असावी. उजवीकडच्या उंच डोंगरावर एल्विओच्या हाताने ९८७ लिहिलेलं होतं. तिथे ग्रीक बसले होते, आणि ही माणसं गात गात त्यांच्याकडे चालली होती.

नानेने एल्विओचं कोपर दाबलं. “चल तू,” तो पुटपुटला. “भाऊ खाली चाललाय ना? चल मुकाट्याने.”

एल्विओने एक पाऊल टाकलंही. रांगेतले लोक त्याला खेटून वळत होते. एकाने रिनोला आपली अर्धी सिगारेट दिली. “बायकोने पाठवलीय,” तो म्हणाला, “ओढ, विजयी वीर!” आणि तोही उजवीकडे वळला.

“थांबवा!” एल्विओ ओरडला. “लेफ्टनंट, थांबवा त्यांना. तो नकाशा खोटा आहे. वर ग्रीक आहेत.”

गाणं तुटक तुटक होत बंद पडलं.

“यावर मेजरची सही आहे,” सान्ना म्हणाला. “तुम्ही कोण?”

“मी काढलाय तो. मी आकडे उलटे लिहिले. झानिन, एल्विओ, कॉर्पोरल.”

“का?”

एल्विओने भावाकडे बोट केलं. सान्ना खेचराजवळ गेला. त्या चिंध्यांकडे बघितलं, वास घेतला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने नकाशाची घडी केली आणि सगळी रांग डावीकडे वळवली. मग परत येऊन हळू आवाजात म्हणाला, “मला आत्ता खाली कळवावं लागेल. नव्वद माणसं कुठे आहेत ते लपवता येत नाही. मेजर काय म्हणतील?”

“म्हणतील सैन्याचं काही चुकलं नाही, नकाशा काढणाऱ्याचं चुकलं.”

“म्हणजे तुम्ही खाली गेलात तर गोळी घालतील.”

“तसं दिसतंय.”

“आणि वर आलात तर ग्रीक घालतील.” सान्नाने खांदे उडवले. “पण आघाडीवरच्या माणसाला अटक करायला मेजर स्वतः वर येणार नाहीत, एवढं मी लिहून देतो. माझा एक माणूस तापाने खाली राहिलाय. त्याची बंदूक जादा आहे.”

त्याने बंदूक पुढे केली. एल्विओने आयुष्यात पेनापेक्षा जड काही रोजच्या कामासाठी उचललं नव्हतं. ती त्याने दोन्ही हातांनी घेतली. मग आपले बूट काढायला खाली वाकला. कचेरीतले बूट, अस्सल चामड्याचे. रिनोला द्यावेत म्हणून एक सोडलाही. आणि तसाच थांबला. रिनोच्या पायांकडे बघून त्याने तो गुपचूप परत घातला. रिनोने ते बघितलं.

“तूच घाल,” रिनो म्हणाला. “मला आता नाही लागणार.”

नानेने तोंड फिरवलं आणि खेचराला शिव्या घातल्या. खेचर चालायला लागलं. पाचवी कंपनी डावीकडच्या वाटेवर चढत होती, आता कुणी गात नव्हतं, आणि एल्विओ शेवटच्या माणसामागे बंदूक कशी धरायची ते बघत बघत निघाला.

“एल्विओ!” रिनोचा आवाज मागून आला, फाटलेला. “आईला काय सांगू रे?”

एल्विओ वळला.

“सांग, नकाशात चूक झाली होती,” तो ओरडला. “दुरुस्त करायला गेलाय.”